समेवर आपटणारा बोका

आजी टॉम अँड जेरी बघायला बसायची ती टीव्हीकडे पाठ करून. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे जवळजवळ नेले होते. उरला होता तो फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक. त्यामुळे तोंड खिडकीकडे आणि कान टीव्हीकडे, अशी तिची बैठक ठरलेली. एक हात मांडीवर. टॉम चवड्यांवर चालत उंदराच्या बिळाकडे निघाला की त्या हाताची बोटं मांडीवर हलकेच वाजायला लागायची. मग तो घसरायचा, जिन्यावरून गडगडत यायचा, कपाटाला धडकायचा आणि शेवटी वरची सगळी भांडी अंगावर घेऊन जमिनीवर आदळायचा. त्याच क्षणी आजीची थाप पडायची आणि ती म्हणायची, "समेवर आपटला गं. बरोब्बर समेवर."

मी तेव्हा नऊ वर्षांची. सम म्हणजे काय, हे मला टॉमच्या पडण्यावरून कळलं. लयीचं आवर्तन फिरून जिथे येऊन टेकतं ती जागा. तिथेच येणार हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं आणि तरी ती आली की जीव भांड्यात पडतो. आजी पेटी वाजवायची. डोळे होते तेव्हाही आणि गेल्यावरही, सुरांची घरं बोटांना पाठच होती. तिच्या लेखी टॉम हा एक गवई होता. कितीही आडवाटेनं नेलं तरी समेला न चुकणारा.

घरात बाकीच्यांना तिचं नवल वाटायचं. दिसत नाही तर ही हसते कशाला? तिनं आपलं माझ्यासाठी हसावं, नातीला सोबत म्हणून, असा सगळ्यांचा समज. मी मात्र तिच्याशेजारीच बसायचे, आणि मला एक गोष्ट पक्की माहीत होती. आजी माझ्याआधी हसायची. अगदी थोडंसंच आधी, पापणी लवते तेवढं. टॉम पडद्यावर दार उघडत असायचा, दारामागे काय आहे ते मला दिसलेलं नसायचं, आणि माझ्या कानाशी आजीचं हसू सुरू झालेलं असायचं. मला वाटायचं तिनं ते कार्टून आधी पाहिलंय. तसं तर ते शक्यच नव्हतं.

तिला ते ऐकू यायचं, एवढाच त्याचा अर्थ. हे समजायला मला मोठं व्हावं लागलं.

टॉम अँड जेरीची गोष्ट सांगायची तर सुरुवात कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत होते. तिथे एमजीएम या चित्रपटसंस्थेचा कार्टून विभाग होता, आणि त्यात जो बार्बेरा आणि बिल हॅना हे दोन तिशीच्या उंबरठ्यावरचे लोक शेजारी शेजारी बसत. 10 फेब्रुवारी 1940 रोजी त्यांचा 'पुस गेट्स द बूट' हा पहिला छोटा चित्रपट आला. त्यातल्या बोक्याचं नाव जॅस्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. विभागाचे प्रमुख फ्रेड क्विम्बी यांना मांजर-उंदीर हा विषय जुनाट वाटत होता आणि त्यांनी दोघांना दुसऱ्या कामाला लावलं होतं. पण प्रेक्षकांना चित्रपट आवडला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि चित्रपटगृहवाल्यांकडून 'आणखी कधी येणार' अशी विचारणा होऊ लागली. मग नव्या नावांसाठी स्टुडिओतच स्पर्धा लागली. जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरनं 'टॉम आणि जेरी' सुचवलं आणि 50 डॉलरचं बक्षीस घेतलं. 1941 सालच्या 'द मिडनाइट स्नॅक'मध्ये ही नावं पहिल्यांदा लागली. पुढे 1958 पर्यंत या दोघांचे 114 चित्रपट प्रदर्शित झाले. त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. ते सातही पुतळे निर्माता म्हणून क्विम्बींच्या नावावर गेले, आणि ही गोष्ट मला आजही खटकते.

आता आजीकडे परत येते, कारण तिला समजून घ्यायचं तर त्या दोघांनी काम कसं वाटून घेतलं होतं ते बघायला हवं.

बार्बेरांचा हात चित्रात फार चालायचा. गोष्ट सुचली की ते भराभर कच्ची चित्रं काढत जायचे. टॉम असा बघतो, जेरी असा पळतो, इस्त्री अशी पडते. विनोद त्यांचा. आणि तो विनोद नेमका किती वेळात घडायचा, हे ठरवायचे हॅना. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. हॅना मात्रा मोजून कागदावर आखणी करायचे. बारा चौकटींना एक ठोका धरला तर सेकंदाला दोन ठोके, म्हणजे बेतानं चालणं. आठ चौकटींना एक धरला तर सेकंदाला तीन, म्हणजे पळापळ. पाऊल कुठल्या ठोक्यावर पडेल, डोळे कुठल्या ठोक्यावर विस्फारतील, आणि शेवटचं आदळणं कुठे येईल, हे सगळं त्या कागदावर आधी लिहिलेलं असायचं. अ‍ॅनिमेटर त्यानंतर पेन्सिल उचलायचे. आणि संगीतकारही तोच कागद समोर घेऊन सूर बांधायला बसायचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आजी जे म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. टॉम समेवरच आपटत होता. कुणीतरी मोजून, विचार करून, त्याला तिथेच आपटवला होता. कल्व्हर सिटीत 1940 च्या दशकात टेबलावर वाकून मात्रा मोजणाऱ्या एका माणसाचा हिशोब कित्येक वर्षांनी, एक अक्षर इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आजीनं मांडीवर थाप मारून बरोबर जुळवला होता.

तो संगीतकार म्हणजे स्कॉट ब्रॅडली. त्यांचा जन्म 1891 चा, आर्कान्सा राज्यातला. 114 पैकी एका चित्रपटाचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्यांचं संगीत त्यांचं आहे. तो अपवाद 1953 सालच्या 'द मिसिंग माउस'चा, तो एडवर्ड प्लम्ब यांनी केला. टॉम अँड जेरीचं नाव निघालं की लोक हॅना-बार्बेरांची आठवण काढतात, आणि ते योग्यच आहे. पण मला विचाराल तर या मालिकेचा तिसरा जनक ब्रॅडली आहे. टॉम आणि जेरी बोलत नाहीत. त्यांच्या तोंडचं सगळं बोलणं ब्रॅडलींच्या वाद्यांनी केलंय. टॉमच्या मनात कपट आलं की खालच्या पट्टीतलं एखादं फुंकवाद्य हळूच गुरगुरतं. जेरी खुशीत चालला की वर कुठेतरी बासरीसारखं काहीतरी तुरुतुरु धावतं. पापणी उघडली तरी तिला एक सूर असतो. आजी आधी हसायची ती यामुळे. दारामागे काय आहे हे दिसायच्या आत वाद्यांनी ते सांगून टाकलेलं असायचं, आणि मी डोळ्यांत गुंतलेली असल्यामुळे मला ते ऐकू यायचं नाही.

ब्रॅडलींना एमजीएमचे पट्टीचे वादक मिळत, त्या संस्थेच्या संगीतपटांतल्या गाजलेल्या चालीही हाताशी असत. तरी ते सोप्या वाटेनं गेले नाहीत. 1944 च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये टॉम कुत्र्यांच्या गर्दीत शिरण्यासाठी कुत्र्याचं खोटं मुंडकं घालतो. मग एका ठिकाणी तेच मुंडकं डोक्यावर घेऊन छोटासा जेरी धावत सुटतो. दिसतं ते असं की एक भलं मोठं मुंडकं आहे, त्याला धडच नाही आणि खाली दोन बारके पाय पळतायत. या जागेसाठी ब्रॅडलींनी संगीतकार अर्नोल्ड शोनबर्ग यांच्या बारा स्वरांच्या पद्धतीचा आधार घेतला. या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर सारख्या मानाचे. सगळे एकेकदा येऊन गेल्याशिवाय कुणी परत यायचं नाही. त्यामुळे परत जायला षड्जच उरत नाही. सुरांना घर नाही आणि मुंडक्याला धड नाही. तेव्हाचे मोठमोठे श्रोते जे संगीत ऐकायला कचरत होते, ते ब्रॅडलींनी एका उंदराच्या पायाखाली घातलं आणि पोरं खदखदून हसली.

या जागेला आजी काय म्हणाली ते मला आठवत नाही. आठवत असतं तर फार बरं झालं असतं.

पण 'द कॅट कन्सर्टो' आठवतो. 1946 सालचं ऑस्कर मिळवणारा. टॉम काळा लांब कोट घालून रंगमंचावर येतो, पियानोसमोर बसतो, बोटं मोकळी करतो आणि फ्रान्झ लिस्ट यांची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला लागतो. पियानोच्या आत हातोड्यांवर जेरी झोपलेला आहे. सूर सुरू झाले की हातोडे उठतात आणि तो झोपेतच उडतो. तिथून पुढे सगळी लढाई वाजवता वाजवता. टॉम थांबू शकत नाही, कारण मैफल चालू आहे. जेरी पट्ट्यांखालून धावतो, बोटावर झाकण आदळतो, पट्टीच्या जागी उंदराचा सापळा ठेवतो, मध्येच आतून चालच बदलून टाकतो. टॉमचं तोंड मात्र सभ्य. शेवटी तो पियानोवर थकून कोसळतो आणि टाळ्यांच्या गजरात प्रकाशाचा झोत जेरीवर पडतो.

हे चालू असताना आजीचा हात मांडीवरून उचलला गेला आणि दोन्ही हात हवेत, पेटीवर असावेत तसे, थांबले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आज खरंच वाजवतोय कुणीतरी. बोका शिकून आलाय." मी म्हटलं, आजी, चित्र आहे ते. ती म्हणाली, "चित्र असू दे. बोटं खरी आहेत."

अलीकडे मी तो चित्रपट थांबवून थांबवून पाहिला. पियानोचे जाणकार सांगतात की त्यात टॉमची बोटं बहुतेक ठिकाणी त्या त्या सुराच्या पट्टीवरच पडतात. मला पियानो येत नाही, पण पेटी थोडीफार येते, आणि एवढं नक्की दिसतं की सूर वर चढला की टॉमचा पंजा उजवीकडे जातो, दोन हात एकमेकांवरून जायला हवेत तिथे ते जातात, आणि वेगाच्या जागी बोटं लांबट, धूसर होतात पण जागा सोडत नाहीत. मुलं हसणारच होती. पट्ट्या चुकल्या असत्या तरी हसली असती. तरीही कुणीतरी बसून प्रत्येक पंजा बरोबर पट्टीवर ठेवला. आजीला पंजा दिसत नव्हता, पण ते जे प्रामाणिकपण होतं ते कुठून तरी तिच्यापर्यंत पोचलं होतं. मला हा विचार करताना गहिवरून येतं.

आणि ती किंकाळी. टॉमची शेपटी सापळ्यात अडकली की जी येते ती. आजी तिच्यावर खूश होती. "हा जो ओरडणारा आहे ना, तो पोटातून ओरडतो," असं ती म्हणायची. "वरवरचं नाही काढत." ती किंकाळी स्वतः बिल हॅना यांची होती. म्हणजे ज्यानं मात्रा मोजून ठोका ठरवला त्यानंच त्या ठोक्यावर बेंबीच्या देठापासून आवाजही दिला. हे कळलं तेव्हा मला ती बातमी सांगायला आजी हवी होती.

शांततेवरचं कार्टून हा तिचा सगळ्यात आवडता प्रकार. 'क्वाएट प्लीज', 1945. स्पाइक या बुलडॉगला झोपायचंय. तो टॉमला दम देतो की पुन्हा आवाज झाला तर तुझी खैर नाही. झालं, जेरीला सगळं मिळालं. आता तो आवाज करत सुटतो आणि टॉम धावत तो आवाज झेलत सुटतो. जेरी उंचावरून विजेचे दिवे एकेक करून सोडतो आणि टॉम दोन्ही हात भरून ते पकडत राहतो. तो अडकून उभा राहिला की जेरी शांतपणे त्याची शेपटी भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतो आणि सगळे दिवे लागतात. मध्ये कुत्र्याची झोप चाळवली की टॉम त्याला अंगाई गाऊन थोपटतो. सात मिनिटं सगळी गंमत 'आवाज होऊ नये' यावर उभी आहे. ब्रॅडलींनी त्यात वाद्यं अशी दबकी ठेवलीत की ऐकणाराही श्वास रोखून बसतो. आजी खरंच श्वास रोखायची. मी तिच्याकडे बघत राहायचे. टीव्हीवर काय चाललंय यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर ते कसं उमटतंय हे बघण्यात मला जास्त गोडी वाटायला लागली होती. आज 'क्वाएट प्लीज' म्हटलं की मला स्पाइकच्या आधी तिचं खिडकीकडे केलेलं तोंड दिसतं.

सगळीच कार्टून्स त्या हातची नव्हती. एमजीएमनं 1957 मध्ये तो विभाग बंद केला आणि हॅना-बार्बेरा टीव्हीसाठी काम करायला गेले. तिथे पैसे थोडे, चित्रं थोडी, बडबड भरपूर. ते यशस्वी झाले, पण मला त्यांची ती कामं कधी मनापासून आवडली नाहीत. दरम्यान 1961-62 मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये टॉम अँड जेरीचे 13 चित्रपट केले, आणि नंतर 1963 ते 1967 या काळात चक जोन्स यांनी 34. टीव्हीवर हे सगळे मिसळून लागायचे आणि कुठला कुणाचा हे मला मुळीच कळायचं नाही. मला फक्त कधी कधी टॉमच्या भुवया जाड दिसायच्या. आजीला मात्र पहिल्या दहा-बारा सेकंदांत कळायचं. प्रागवाला लागला की ती अस्वस्थ व्हायची. "आज कुठे शिरलेत हे? विहिरीत?" त्यात आवाज घुमतात, धातूवर काही घासल्यासारखे लांबत जातात. पुढे वाचलं की त्या ध्वनींमागे टॉड डॉकस्टेडर होते, ध्वनिफितीवरच्या आवाजांतून संगीत घडवणारे एक नावाजलेले कलाकार. त्यांचं काम वेगळं ऐकायला मला आवडतं. पण आपल्या घरातल्या बोक्याला अचानक अनोळखी गुहेत सोडल्यासारखं आजीला वाटलं, ते मला अजूनही पटतं. चक जोन्सची चित्रं देखणी आहेत, फार देखणी. आजी त्यांच्या वेळी डुलकी काढायची.

एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवं. जुन्या चित्रपटांत एक बाई आहे. तिचे फक्त पाय दिसतात, मोजे, घरातल्या सपाता, अ‍ॅप्रनची कड, आणि हातात झाडू. ती "थॉमस!" म्हणून ओरडते आणि टॉमला घराबाहेर काढते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मोलकरणीचं ते एक साचेबंद, अपमानकारक चित्र होतं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या अमेरिकन संघटनेनं त्या काळीच त्यावर आक्षेप घेतला होता, आणि 1952 नंतर ती पात्ररूपानं आली नाही. स्फोट झाला की एखाद्या पात्राचं तोंड काळं होऊन ओठ जाड होतात, तो विनोदही तसाच. लहानपणी मी त्यावर हसले आहे. आता ती जागा आली की हसू येत नाही आणि तिचं समर्थन करावंसंही वाटत नाही. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसांना हे दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण त्यातही माझं एक दुःख वेगळं आहे. त्या बाईला आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा होता. नावाजलेल्या अभिनेत्री, गाणाऱ्याही. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी आलं नाही. पुढे टीव्हीसाठी ते प्रसंग बदलताना काही ठिकाणी पात्र बदललं, काही ठिकाणी दुसऱ्याच कुणाचा आवाज चिकटवला. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या की कळतं काय गेलं ते. रँडॉल्फ यांच्या हाकेला चढ-उतार आहे, राग आहे, त्यात दमलेपण आहे, आणि हो, लयही आहे. त्याही समेवरच येतात. चित्र ज्यांनी चुकीचं काढलं त्यांची नावं राहिली, आणि पुसला गेला तो तिचा आवाज.

मला ही मालिका नुसती मारामारी कधीच वाटली नाही. तसं म्हणणारे घरात होते. मुलं काय शिकणार यातून, असं विचारणारे. त्यांना मी आज 'माउस ट्रबल' दाखवीन. टॉमनं उंदीर कसा पकडावा याचं पुस्तक मागवलंय. तो त्यातला एकेक धडा वाचतो, मन लावून करून बघतो, आणि दर वेळी स्वतःच तुटून येतो. बंदुकीनं डोक्यावरचे केस उडतात तेव्हा तो एक केशरी टोप लावतो, आणि तो टोप पुढे शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर राहतो. 'कोंडीत सापडलेला उंदीर कधी उलटत नाही' असं पुस्तक म्हणतं. टॉम उंदराला कोंडीत गाठतो, मरेस्तोवर मार खातो, आणि आपल्याकडे वळून खोल, घोगऱ्या आवाजात म्हणतो की यावर विश्वास ठेवू नका. बोलत नाही तो बोका बोलला! आजी दचकली होती. "हा कोण नवा?" मी सांगितलं, टॉमच आहे. ती म्हणाली, "फारच लागलेलं दिसतंय." आणि एवढं होऊनही टॉम पुस्तक पुढे उघडतो. पुढचा धडा काढतो.

मी तेव्हा जेरीच्या बाजूनं होते. सगळी मुलं असतात तशी. आजी पहिल्यापासून टॉमच्या बाजूनं. जेरीचं पोट भरलेलं आहे, असं तिचं म्हणणं. त्याला बीळ आहे, अंथरूण आहे, आणि तो जिंकणार हे ठरलेलं आहे. टॉमच्या मागे मात्र कुत्रा, बाई, घराबाहेर काढायची धमकी, आणि रोजचं काम. मोठी होता होता मीही नकळत त्या बाजूला सरकले. नेमकं कधी, ते सांगता येणार नाही.

एकदा तिनं विचारलं, "दिसायला कसा आहे गं तो?"

इतक्या दिवसांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. राखाडी, थोडासा निळ्याकडे जाणारा. पोट फिकट, पंजे पांढरे, शेपटीचं टोक पांढरं. भुवया काळ्या. डोळे पिवळसर हिरवे.

ती जरा विचारात पडली. "म्हणजे तरणा आहे?"

"हो."

"मला वाटलं म्हातारा असेल. इतक्यांदा पडून इतक्यांदा उठतो. सवय असल्याशिवाय जमत नाही ते."

मी काहीच बोलले नाही. तिला जमिनीवरून उठायला तेव्हा भिंत लागायची.

आम्ही दोघींनी मिळून शेवटचं कुठलं ऐकलं ते मला नीट आठवतं. 'द नाइट बिफोर ख्रिसमस', 1941 चा, अगदी सुरुवातीच्या काळातला. बाहेर बर्फ पडतंय. टॉमनं जेरीला बाहेर हाकलून दाराच्या फटी बंद केल्यात. तो शेकोटीपाशी येऊन आडवा होतो, पण त्याला झोप लागत नाही. कूस बदलतो. दाराकडे बघतो. शेवटी उठून दार उघडतो तर बर्फात उंदीर गारठून पडलेला. टॉम त्याला आत आणतो, शेकोटीजवळ ठेवतो, ऊब देतो. शुद्धीवर आलेल्या जेरीला टॉमनं दिलेली गोड कांडी मिळते. टॉम आपल्या बशीतलं दूध प्यायला वाकतो तेव्हा जेरी घाईनं त्याला थांबवतो आणि कांडी दुधात बुडवून तिथे त्यानंच आधी लपवलेला सापळा बाहेर काढून दाखवतो.

मग जेरी आपल्या बिळापाशी येतो. दारात आणखी एक सापळा, आणि त्यावर चीजचा तुकडा.

इथे मी आजीला सांगायला तोंड उघडलं होतं की आता सापळा आहे. तिनं हातानं मला गप्प केलं. तिला कळलं होतं. वाद्यं थांबली होती. तिचा हात मांडीपासून वीतभर वर, थाप द्यायला तयार, तिथेच थांबलेला. जेरी लांबूनच कांडीच्या आकड्यानं तो तुकडा ओढून घेतो. सापळ्याची तार सुटते. पण ती आदळत नाही. ती सावकाश, एकेक सूर काढत मिटत जाते, आणि त्या सुरांतून 'जिंगल बेल्स'ची चाल वाजते.

आजीचा हात हवेतच राहिला. मग तो खाली आला, मांडीवर न येता माझ्या डोक्यावर, आणि तीन-चार वेळा केसांवरून फिरला. त्या चालीच्या लयीत.